गोळीचा भाव आणि गुणाचा भाव

"ताई, ह्यातलं स्वस्त कुठलं?"

आप्पांनी काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक त्यांची नेहमीची इन्शुलिनची कुपी आणि दुसरी, डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलेली, इन्शुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज. औषध दोन्हीत एकच, कंपनीही एकच. कार्ट्रिजवरची किंमत मात्र कुपीच्या जवळजवळ दुप्पट. प्रश्न इतका साधा होता की मी "कुपी" म्हणून मोकळी होणारच होते.

तालुक्याच्या गावात मी चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते. "स्वस्त कुठलं" हे दिवसातून पन्नासदा ऐकायचं आणि एमआरपी वाचून उत्तर द्यायचं, असा खाक्या. त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती म्हणून बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. कुपी १० मिलिलिटरची, प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० युनिटं, म्हणजे ४००. कार्ट्रिज ३ मिलिलिटरची, पण तिच्यात मिलिलिटरला १०० युनिटं, म्हणजे ३००. दुप्पट पैसे मोजून माल पाऊणपट. युनिटमागे बघितलं तर फरक दुपटीचा राहत नाही, पावणेतीन पटीच्या जवळ जातो. आप्पांना रोजची २० युनिटं, महिन्याची ६००. दीड कुपी किंवा दोन कार्ट्रिज, वर पेनच्या सुया वेगळ्या. इथपर्यंत कुपीच जिंकते.

पण आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सिरिंज भरून द्यायची ती सून. मागच्या दिवाळीत ती पंधरा दिवस माहेरी गेली तेव्हा शेजारचा पोरगा भरून देत होता, आणि त्याने दुसऱ्या एका दुकानातून सिरिंजा आणल्या त्या नारंगी टोपणाच्या. ४० युनिटवाल्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारंगी टोपणाची असते १०० युनिटवाल्या इन्शुलिनसाठी. पोरगा इमानेइतबारे २० च्या रेघेपर्यंत औषध ओढत होता आणि आप्पांच्या अंगात जात होती ८ युनिटं. साखर खाली येईना, पायाची जखम चिघळली, तीन दिवस खासगी दवाखान्यात काढावे लागले. त्या बिलात दोन वर्षांच्या कार्ट्रिज आल्या असत्या. म्हणूनच डॉक्टरांनी पेन लिहून दिलं होतं.

पेनमध्ये एकेक युनिट फिरवलं की टक्‌ असा आवाज येतो. डोळ्यांनी दिसलं नाही तरी कानांनी मोजता येतं. ह्या टक्‌ची किंमत एमआरपीत कुठे छापलेली नसते.

उलटा हिशेबही असतो. कुपी एकदा उघडली की साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यावी, असा दंडक आहे. आमच्याकडे एक आजी यायच्या, त्यांना रोजची ८ युनिटंच लागायची. अठ्ठावीस दिवसांत २२४ युनिटं वापरायची आणि उरलेली १७६ कचऱ्यात. त्या टाकायच्या नाहीत, फ्रीजमध्ये जपून ठेवायच्या, हे वेगळं. सांगायचा मुद्दा असा की तीच कुपी, तोच छापील भाव, आणि दोन घरांत तिचा खरा भाव वेगळा.

औषधाबद्दल बोलताना मराठी माणूस "गुण" हा शब्द वापरतो. गुण आला. आठ दिवस घेतलं, पण गुण नाही. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. फार्माकोइकॉनॉमिक्स असं भारदस्त नाव घेऊन फिरणारं जे औषधांचं अर्थशास्त्र आहे ते शेवटी हेच विचारतं: पैसे किती गेले आणि गुण किती आला? दोन औषधांचा गुण सारखा असेल तर नुसता खर्च ताडून बघायचा. गुणात फरक असेल तर जादा गुणासाठी जादा किती मोजावे लागले ते काढायचं. पुस्तकांत ह्याला चार-पाच नावं आणि बरीच सूत्रं आहेत, ती परीक्षेपुरती ठीक. काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं की खरी मेख तिसऱ्याच प्रश्नात आहे. पैसे गेले, पण कुणाचे?

आपल्याकडे औषधांच्या किमतीवर भांडण पुष्कळ होतं, पण ते सगळं गोळीच्या भावाचं. एमआरपी किती, सूट किती टक्के, जेनेरिक का ब्रँड. उपचार पुरा व्हायला किती लागले, त्यातून काय पदरात पडलं आणि ते कुणाच्या खिशातून गेले, ह्याची तुलना कुणी करत नाही. माझं म्हणणं असं की ती सरकारनं करावी, उघड्यावर मांडावी, आणि रुग्णाच्या बाजूला उभं राहून करावी. केंद्राच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे कमी झालाय, मान्य. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये जो भरतो त्याच्या बाजूने हिशेब मांडायचा नाही तर कुणाच्या?

बाजू बदलली की उत्तर कसं बदलतं, ह्याचं सगळ्यात कडू उदाहरण क्षयरोगाचं आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी वर्षानुवर्षं कानामायसिनची इंजेक्शनं दिली जायची. रोज एक, असं कित्येक महिने. औषध जुनं, स्वस्त. बेडाक्विलिन ही नवी गोळी आली ती महाग. सरकारी खरेदीच्या वहीत दोघांचे भाव शेजारी शेजारी लिहिले तर इंजेक्शन डोळे झाकून निवडावं असा फरक. पण त्या वहीत कानाचा रकाना नव्हता. कानामायसिनने अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन ह्यांची ऐन तरुण वयात अशीच गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले ह्यांचीही. जन्मभराचं बहिरेपण, हुकलेल्या नोकऱ्या, कानाची यंत्रं हे सगळं "स्वस्त" इंजेक्शनच्या बिलात धरायचं की नाही? धरलं नव्हतं, कारण ते आरोग्य खात्याला भरावं लागत नव्हतं.

आणि रोजच्या इंजेक्शनसाठी रोज केंद्रावर जायचं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचा तेवढा खाडा. खाडा हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात "अप्रत्यक्ष खर्च" म्हणून येतो. ज्याचा पडतो त्याला त्यात अप्रत्यक्ष काही वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेनं २०१८ च्या जूनमध्ये इंजेक्शन मागे घेऊन बेडाक्विलिन पुढे आणायचं ठरवलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनाही त्याच दिशेला वळली. आपल्याकडे गोळ्यांची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पुढे नंदिता आणि फुमेझा ह्या दोघींनीच बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत लांबवणाऱ्या अर्जाला भारतात हरकत घेतली आणि २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. सहा महिन्यांच्या कोर्सचा २०२० मधला ३४० डॉलरचा जागतिक भाव त्यानंतर निम्म्याहून खाली आला. ज्यांनी स्वस्त औषधाची किंमत स्वतःच्या कानांनी चुकवली त्यांनीच महाग औषध स्वस्त करून घेतलं. ह्यात मला न्याय दिसतो आणि थोडी लाजही वाटते. ते काम त्यांचं नव्हतं.

आता सरकार किमती ठरवतं ते कसं, ते बघू. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात गोळी बनवायला लागणाऱ्या खर्चावरून भाव निघायचा. २०१३ च्या आदेशाने ते सोडून दिलं. बाजारात ज्या ब्रँडचा वाटा १ टक्का किंवा जास्त आहे, त्या सगळ्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची साधी सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के घालायचे, ही झाली कमाल किंमत. म्हणजे सगळेच चढ्या भावाने विकत असतील तर सरासरीही चढीच. ह्याला नियंत्रण म्हणणं म्हणजे वर्गात सगळेच नापास झाल्यावर पास व्हायचे गुण सरासरीवर आणण्यासारखं आहे. किंमत नियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत भाव वाढवायची मुभाच आहे. चक्रवाढीने ती आठ वर्षांत दुपटीच्या वर जाते. ह्या सगळ्या आकडेमोडीत "औषधानं गुण किती येतो" हा प्रश्न एकदाही विचारला जात नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटवर, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या नळीवर, किंमतबंदी आली तेव्हा मी पेढे वाटायच्या बाकी होते. औषधाचा लेप असलेला स्टेंट सरासरी १ लाख २१ हजारांना मिळायचा, तो २९,६०० वर आला. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्या वेळी जाहीर केलेले नफ्याचे आकडे बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं; एका टप्प्यावर तो साडेसहाशे टक्क्यांच्या वर होता. निर्णय योग्यच होता. पण त्यानंतर अँजिओप्लास्टीच्या बिलातले बाकीचे आकडे फुगल्याच्या तक्रारी ठिकठिकाणाहून येऊ लागल्या. फुग्याला एका बाजूने दाबलं की तो दुसरीकडून वर येतो. वस्तूला कुलूप घातलं, उपचार मोकळाच राहिला.

आपल्या राज्याचंच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. डायलिसिसचं पॅकेज आहे. ज्याची मूत्रपिंडं गेली त्याला ह्या योजनेनं जीवदान दिलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण मूत्रपिंडं जायच्या आधीची दहा वर्षं? रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या ह्या योजनेत नाहीत, कारण रुग्ण दाखल झाल्याशिवाय पॅकेज सुरू होत नाही. गोळ्यांचे महिन्याचे काहीशे रुपये माणसानं स्वतः भरायचे, आणि ते भरता आले नाहीत म्हणून मूत्रपिंड गेलं की आठवड्यातून दोन-तीनदा होणाऱ्या डायलिसिसचे सरकारनं भरायचे. कुठल्याही घरातली बाई असा संसार करणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी फुकट मिळते, असं कुणी म्हणेल. मिळते. असली तर मिळते. पण ती नीट पुरवली की काय होतं ह्याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. मोजकीच, जुनी, पेटंट संपलेली औषधं आणि ती कुठल्या क्रमाने वाढवायची ह्याचा एक ठरलेला कागद. दर डॉक्टरची वेगळी चिठ्ठी नाही, त्यामुळे खरेदी मोठी आणि भाव खाली. माणसानं महिन्यातून एकदा उपकेंद्रापर्यंत यायचं. ह्यात नवीन शोध काही नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

स्वस्ताईचा दुसरा तोटा काउंटरवर फार लवकर कळतो. अतिस्वस्त औषध बाजारातून नाहीसं होतं. स्टॉकिस्टला फोन केला की "शॉर्ट आहे" एवढंच उत्तर. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या, कारण त्या भावात बनवणं परवडत नाही म्हणून कंपन्या हात वर करत होत्या. त्या यादीत दम्याचं साल्ब्युटामॉल होतं, मनोविकारातलं लिथियम होतं, बेंझिल पेनिसिलिन होतं आणि अॅट्रोपिनचं इंजेक्शन होतं.

अॅट्रोपिनपाशी जरा थांबते. ०.६ मिलिग्रॅमची इवलीशी काचेची कुपी. कीटकनाशकाच्या विषबाधेत, ते ऑर्गेनोफॉस्फेट जातीचं असेल तर, डॉक्टरचा पहिला हात हिच्याकडे जातो. गंभीर रुग्णाला एकेक करून शंभरावर कुप्या फोडून द्याव्या लागतात अशीही वेळ येते. परिचारिकेची बोटं कापतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यातली सगळी विषं एकाच जातीची नव्हती. पण ज्या राज्यात दर पावसाळ्यात फवारणी होते, तिथे अॅट्रोपिन हे काही दुर्मीळ आजाराचं औषध नाही. त्याचा भाव दोन रुपयांनी वाढला म्हणून ओरडायचं की ते बनायचं थांबलं म्हणून? गोळीचा भाव बघणाऱ्याला वाढ दिसते. उपचाराचा भाव बघणाऱ्याला अतिदक्षता विभागातले, व्हेंटिलेटरवरचे दिवस दिसतात. मी किमती वाढवण्याची वकील नाही, पण ह्या यादीत मी वाढीच्या बाजूने आहे. त्याहून चांगलं म्हणजे राज्यानं अशा औषधांची वर्षभराची खरेदी आधीच बांधून द्यावी, म्हणजे बनवणारा पळून जाणार नाही. तमिळनाडूने औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढून नव्वदच्या दशकातच घडी बसवली. आपण अजून खरेदी प्राधिकरणांच्या पाट्या बदलतोय.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई महाग औषधांची भलामण करतेय; गुणाकडे बघा, भावाकडे बघू नका. तर नाही. गुणाच्या हिशेबाचा कंपन्यांनी केलेला वापर बघितला की त्याचीही धास्तीच वाटते.

हिपॅटायटिस सी वरचं सोफोसबुविर २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत आलं. १२ आठवडे रोज एक, अशा ८४ गोळ्या, ८४,००० डॉलर. गोळीमागे एक हजार डॉलर. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घ्यायची, ताप-अंगदुखी-नैराश्य सोसायचं आणि त्या आजाराच्या अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रकारात बरं व्हायची शक्यता निम्मी. नव्या गोळीनं दहातले नऊ बरे होऊ लागले. मग अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडले: यकृत बदलण्याचा खर्च वाचतो, कॅन्सरचा वाचतो, माणूस कामावर परततो, तेव्हा इतक्या भावातही हे औषध "परवडतं". गणित चुकलेलं नव्हतं. पण लिव्हरपूल विद्यापीठातल्या अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच कोर्सचा बनवण्याचा खर्च काढला तो होता ६८ ते १३६ डॉलर.

बुडत्याला काडीचा आधार वाटतो, हे ठीक. म्हणून काडी विकणाऱ्यानं तिचा भाव बुडत्याच्या जिवाच्या किमतीवरून लावायचा?

भारतात त्याच कंपनीने २०१४ मध्ये इथल्या उत्पादकांना परवाने दिले. २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली साधारण २० हजार रुपयांना आली, म्हणजे कोर्सचे ६० हजार. स्पर्धेनं भाव आणखी खाली ओढला आणि २०१८ च्या जुलैपासून राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागला. गुण तोच, रेणू तोच. "परवडतं" हा शब्द मात्र अमेरिकेत ८४ हजार डॉलरला लागू होता आणि इथे शून्याला.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून नाइस नावाची संस्था हेच काम करते. त्यांचं माप म्हणजे चांगल्या तब्येतीत जगलेलं एक वर्ष. तेच वर्ष अंथरुणात काढलं तर त्याचं वजन कमी. असं एक चांगलं वर्ष मिळवून द्यायला २० ते ३० हजार पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर सरकारी सेवेनं ते औषध घ्यावं, असा त्यांचा अनेक वर्षं आडाखा होता. मला हे माप पूर्ण पटत नाही. अंथरुणातल्या वर्षाचं वजन कोण ठरवणार, आणि सत्तरीच्या माणसाची वर्षं मुळातच थोडी उरलेली असतात म्हणून तो हिशेबात हलका पडणार का, हे प्रश्न सुटलेले नाहीत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते नाही म्हणतात तेव्हा का नाही म्हटलं ते छापतात. कंपनीला भाव कमी करून परत यावं लागतं.

आपल्याकडे २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची यंत्रणा आहे. कामाची माणसं आहेत, अहवालही निघतात. पण तिचं म्हणणं हा सल्ला असतो. कंपनीवर, खासगी दवाखान्यावर, तुमच्या-आमच्या चिठ्ठीवर त्याचा काही अंमल नाही. तालुक्याच्या डॉक्टरकडे येतो तो एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी. त्याच्या पिशवीत चकचकीत तक्ता असतो, त्यात त्याचं औषध कशापेक्षा तरी सरस असतंच. कशापेक्षा, ते बारीक टायपात.

हीच खरी अडचण आहे. तुलना फुकट होत नाही आणि ज्याचा तोटा व्हायची शक्यता आहे तो ती करून घेत नाही. डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारावर अमेरिकेत दोन इंजेक्शनं होती, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच घराण्यातले रेणू. एकाचा डोस २,००० डॉलरच्या आसपास, दुसऱ्याचा ५० च्या. स्वस्त इंजेक्शनाला डोळ्यासाठी परवानगी नव्हती आणि कंपनी ती मागत नव्हती. स्वतःच्याच दोन हजारी इंजेक्शनला स्पर्धक कोण उभा करील? शेवटी तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेनं करदात्यांच्या पैशातून दोघांची समोरासमोर चाचणी घेतली. २०११ मध्ये निकाल छापून आला: दृष्टीवरचा परिणाम जवळजवळ सारखाच. स्वस्त इंजेक्शनाच्या मोठ्या कुपीतून छोटे डोस काढताना जंतुसंसर्गाचा धोका असतो, त्याचा खर्च धरायला हवा. पण तो धरूनही चाळीसपट फरक भरून निघत नाही.

आपण जगाला औषध पुरवतो असं छाती पुढे काढून सांगतो. मग अशा समोरासमोरच्या चाचण्या आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत का होऊ नयेत? रुग्णांची ददात नाही, डॉक्टर आहेत. नवं महाग औषध आणि जुनं स्वस्त औषध, सहा महिने, मग साखर किती, दाखल किती वेळा, खाडे किती, प्रवासाला किती, आणि घरात कर्ज झालं का. शेवटचे तीन प्रश्न परदेशी चाचण्यांत सहसा नसतात. निकाल मराठीत, एका पानात, दर प्राथमिक केंद्राच्या भिंतीवर. आणि सरकारी योजनेत औषध घ्यायचं तर हा कागद आधी दाखवावा लागेल अशी अट.

असा कागद एकदा करून भागणार नाही, हेही सांगते. एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घ्या. साखरेबरोबर हृदय आणि मूत्रपिंडालाही ती मदत करते. २०२५ च्या मार्चमध्ये तिचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी बघता बघता दहा-पंधरा रुपयांवर आली. फेब्रुवारीत जिला "महाग, श्रीमंतांचं औषध" म्हणून बाजूला ठेवलं असतं, ती एप्रिलमध्ये डायलिसिस लांबवण्याचा रास्त उपाय ठरते. पण योजनांचे कागद तारखांकडे बघून बदलत नाहीत. चिठ्ठ्याही नाहीत, जुन्याच महाग ब्रँडवर चालत राहिलेले रुग्ण मला त्यानंतरही भेटले.

आणि स्वस्त गोळीत औषध आहे का, हा प्रश्न गिऱ्हाईक दबक्या आवाजात विचारतं, तो टाळू नये. केंद्रीय नियंत्रक दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या नमुन्यांची यादी काढतो; तीत मोठी नावंही असतात आणि कुणी न ऐकलेलीही. जनऔषधी केंद्रातली गोळी ५० ते ९० टक्क्यांनी स्वस्त मिळते, पण "ही लागू पडेल ना?" ह्याला मी काउंटरवरून काय पुरावा दाखवणार? घाऊक तपासणीचा निकाल स्ट्रिपवरच्या बॅच नंबरनिशी मोबाइलवर दिसायला हवा. गुणाची खात्री नसेल तर स्वस्ताईला अर्थ नाही, आणि ह्याच खात्रीच्या अभावावर ब्रँडवाल्यांचा धंदा उभा आहे.

आप्पांचं सांगायचं राहिलं. त्यांनी त्या दिवशी कार्ट्रिज घेतली. बिलाच्या पाठीवरचा हिशेब घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "डोळं असतं तर कुपीच घेतली असती बघा." ते गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला फोन करून जिल्हा रुग्णालयाच्या मोतीबिंदू शिबिराची तारीख सांगितली. ऑपरेशन फुकट झालं, आधी उजवा, मग डावा. चार महिन्यांनी ते डॉक्टरांना विचारून परत कुपीवर आले. लाल टोपणाची सिरिंज उजेडाकडे धरून, रेघा स्वतः मोजून, म्हणाले, "ताई, ही वीस. बरोबर?"

बरोबर होती.